फरशीखालचा रंग



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत आले. बांधलेल्या घराची डागडुजी करणाऱ्यासही या म्हणीचा प्रत्यय येतो. पावसाळा सरून दिवाळी झाली की आपल्या घरांतून नाताळची तयारी सुरू होते. भिंतींना रंग लागतो, दारे-खिडक्या घासूनपुसून निघतात, आणि ज्या घरी चार पैसे गाठीला असतील तेथे जुन्या कोब्यावर नवी फरशी घालण्याचा विचार होतो.

खासबाग हा बेळगावातील विणकरांचा भाग. येथील कित्येक घरांत माग आणि संसार यांच्यामध्ये एका उंबऱ्याचेच अंतर असते. अशाच एका घरी परवा जाण्याचा योग आला. कोब्यावर लाल तेलरंगाचे थर चढलेले होते. दर सणाला एक हात, असे अनेक वर्षे चाललेले. नव्या फरशीची खोकी भिंतीशी रचून ठेवली होती. गवंडी म्हणत होता, "रंग घट्ट आहे. वरूनच बसवू, दोन दिवस वाचतील." घरातील आजीबाई मजकडे वळून म्हणाल्या, "फादर, तुम्हीच सांगा. एवढा पैसा काही पुन्हा जमायचा नाही." त्यांचे नातवंड त्याच कोब्यावर रांगत होते.

त्यांना जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न एकाच घराचा नाही.

फरशी कोब्याला चिकटते अशी आपली समजूत असते. वास्तविक ती कोब्याच्या सर्वांत वरच्या पापुद्र्याला चिकटते. तो पापुद्रा रंगाचा असेल, तर फरशीचे सारे बळ त्या रंगाच्या पकडीइतकेच. शिवाय ओले सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो, हे आपण जाणतोच. तेलरंगावर ओले सिमेंट पडले की हळूहळू तोच प्रकार घडतो. रंग मऊ पडतो आणि त्याची पकड सुटते. आज घट्ट दिसणारी फरशी पुढे पायाखाली पोकळ वाजू लागते, ती पुष्कळदा यामुळे. मागाच्या खोलीत तर दिवसभर हादरे बसत असतात. तेथे अशी फरशी कितीशी टिकणार?

रंगाची परीक्षा घरच्या घरी करता येते. कोब्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे. ते मोत्यासारखे तसेच राहिले, तर फरशीचे सिमेंटही तेथे मुरणार नाही. धारदार पात्याने रंगावर आडव्या-उभ्या रेघा ओढून चिकटपट्टी दाबून बसवावी व झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले, तर वाद संपला. तुकडे न आले तरी रंग काढणेच शहाणपणाचे, कारण वर सांगितलेली साबणाची क्रिया पुढे व्हावयाचीच असते. कोणी तेजाब ओतण्याचा सल्ला देतात. तेजाब सिमेंटला खाते. तेलरंगाच्या थराखाली ते पोहोचत नाही. रंग घासून किंवा खरवडूनच काढावा लागतो.

पण येथेच एका गोष्टीला फार जपावे लागते. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वीचा रंग असेल, किंवा तो केव्हाचा हे ठाऊक नसेल, तर त्यात शिसे आहे असे समजूनच चालावे. शिशाची धूळ डोळ्यांना दिसेल इतकीही नसते. ती जमिनीवर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. तिचा घाव मुलाच्या वाढत्या मेंदूवर बसतो. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून काम चालू असेपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या घरात ठेवू नये. रंग कोरडा घासू नये, जाळू तर मुळीच नये. पाणी शिंपडून ओलाच खरवडावा. यंत्राने घासावयाचा असेल, तर धूळ ओढून घेणारी जोडणी असलेलेच यंत्र आणावे. नाकाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. बारीक धूळ अडवणारा मुखवटा हवा, आणि तो गवंड्यालाही हवा. तोही कोणाचा तरी बाप आहे. कामाचे कपडे तसेच अंगावर ठेवून त्याने घरी जाऊ नये. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे आणि खरवड पिशवीत बांधावी. ती परसात टाकू नये.

रंग निघाला की कोबा हातोडीने हलके वाजवून पाहावा. पोकळ वाजेल तो भाग फोडून भरून घ्यावा. मागाखाली तेल मुरलेले असते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ते निघाले तर ठीक. न निघाल्यास तेवढा भाग छिन्नीने काढून नवा माल भरावा. आपल्याकडील पावसाची ओल जमिनीत दीर्घकाळ राहते. त्यासाठी हात-दीड हाताचा प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याखाली दव जमले, तर अजून थांबावे.

शेवटी पाणसळ लावून उंचसखलपणा काढावा. हल्लीची चकचकीत विट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पीतच नाही. तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही नाही. तिला नुसत्या सिमेंटच्या कालवणापेक्षा भारतीय मानक १५४७७ प्रमाणे बनविलेला फरशीचा चिकटा अधिक चांगला धरतो. तो दातेरी थापीने सर्वत्र पसरावा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी दाबू नये. पहिली फरशी बसवताच एकदा उचलून पाठ पाहावी. पाठ सगळी भरली असेल तरच पुढे जावे.

या साऱ्याला दोन नव्हे, आठ दिवसही लागतील आणि खर्चही थोडा वाढेल. परंतु फरशी घातल्यावर खालचे काम कोणाला दिसत नाही, म्हणूनच ते आधी डोळ्यांदेखत करून घ्यावे. गवंड्याशी मजुरी ठरवतानाच रंग काढण्याचे काम निराळे बोलावे, म्हणजे घाई करण्याचे त्यास कारण उरत नाही.

आजीबाईंनी फरशीची खोकी पुन्हा भिंतीशी नीट रचून घेतली. सून मुलाला घेऊन आठवडाभर माहेरी जाणार आहे. ती परतल्यावर ते मूल नव्या फरशीवर रांगेल. नाताळला अजून अवकाश आहे. आपल्याही घरी हे काम काढावयाचे असेल, तर आजच पाण्याचे चार थेंब टाकून पाहा.