गाळा नावावर, व्यवहार कुणाकडे?

मैत्रिणींनो, आपल्या गावच्या बाजारपेठेतले कितीतरी गाळे बायकांच्या नावावर असतात. पण भाडं किती, अनामत किती, करार कधी संपतो, असं विचारलं की उत्तर येतं, ‘ते सगळं हे बघतात.’ हे ‘हे बघतात’ मला फार खटकतं.

आई बघत नाही, म्हणून लेकीलाही ते ‘पुरुषांचं काम’ वाटतं. बी.कॉम. झालेल्या मुलीनं मॉल व्यवस्थापनात जायचं म्हटलं, की घरात कपाळाला आठ्या! ‘ती बिल्डर लोकांची लाइन.’ अहो, पण मॉल बांधणं वेगळं आणि चालवणं वेगळं. मुंबईत १९९९ साली हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ उघडला, तेव्हा लोटलेली गर्दी आवरायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा, असा नियम करावा लागला होता. पुढे मालक बदलले, नाव बदललं, तरी तो ओस पडला. तिकडे लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवरचा मॉल मात्र आजही गजबजलेला आहे. नुसत्या देखण्या इमारतीवर भागत नाही, हेच खरं.

मग काम तरी काय असतं? कुठलं दुकान कुठे बसवायचं, हे ठरवणं. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला भाडं कमी लावायचं आणि त्या गर्दीवर शेजारची छोटी दुकानं जगवायची. ठरलेलं भाडं की विक्रीतला वाटा, हे करारात पक्कं करायचं. लिफ्ट, सफाई, पहारा यांचा खर्च दुकानदारांत वाटायचा. ‘घर चालवते ती मॉलही चालवेल’ असं गोड बोललं जातं. मला ते पटत नाही. इथे हिशेब लागतो, करार ओळ न् ओळ वाचता यावा लागतो, कार्पेट आणि सुपर बिल्टअपमधला फरक कळावा लागतो. ते शिकता येतं. रविवारी आणि दिवाळीत सुट्टी मिळणं कठीण, हेही लेकीला आधीच सांगा. आणि रात्री परतायची सोय काय, हे नोकरी घेतानाच विचारायला लावा.

दलाली करायची तर महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. गाळा घेण्याइतका पैसा नसेल, तर ‘रीट’ आहे. शेअरसारखं युनिट घ्यायचं आणि भाड्याच्या उत्पन्नात वाटेकरी व्हायचं. सेबीने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, आणि २०२३ मध्ये मॉलचा पहिला रीट बाजारात आला. वाटपायोग्य रकमेतले किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावेच लागतात. मात्र युनिटचा भाव खालीवर होतो, तेव्हा घरखर्चाचे पैसे त्यात घालू नका.

पण सुरुवात घरच्या कपाटातल्या फाइलपासून करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तसा नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि चुकली तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

आणि मालक म्हणून कागदावर नाव तुमचं आहे, बाई! ‘ते हे बघतात’ हे उत्तर कायदा ऐकून घेत नाही.