टाचणी बघायची तर हौद बघा!

गावाकडच्या बागेत काय काय आहे, असं कुणालाही विचारा. लिंबू, शेवगा, मोगरा, झालंच तर एखादा साप... टाचणीचं नाव कुणी घेणार नाही. आमच्या दिंद्रुडलाही तेच. पोरांना चतुर माहीत असतो, कारण त्याच्या शेपटीला दोरा बांधता येतो :) त्याच्याच कुळातली ही काडीसारखी टाचणी मात्र गवतात कुणाला दिसतच नाही.

ओळखायचं कसं? आधी साधं इफ-एल्स. बसल्यावर पंख आडवे पसरले तर बहुधा चतुर, अंगाला चिकटवून मिटले तर बहुधा टाचणी. मग डोळे बघा. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब. इथवर सोपं आहे. पुढे गंमत सुरू होते. सेरियाग्रिऑन कोरोमँडेलियानमच्या नराचं पोट अख्खं पिवळंधमक. इश्नुरा रुबिलिओचा नरही पिवळाच, पण त्याच्या शेपटीच्या टोकाला निळं असतं. म्हणजे "पिवळी टाचणी दिसली" ही नोंद अर्धवटच! त्यात वयाप्रमाणे रंग बदलतात, आणि काही जातींत काही माद्या चक्क नरासारख्या दिसतात. म्हणून फोटो काढायचा तर वरून एक, बाजूने एक, आणि शेपटीच्या टोकाचा एक. मोबाईलमधलं ॲप नाव सुचवतं, पण पडताळायचं आपल्यालाच. फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ मध्ये भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले, ते ॲपशिवायच.

आता मुद्द्याचं. टाचणी शोधायची तर फुलाजवळ नको, पाण्याजवळ शोधा. ती अंडी घालते पाणवनस्पतींच्या देठात. पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. मग आपलं शेततळं बघा. तळाला, काठाला सगळीकडे प्लॅस्टिक, गवताची काडी नाही. पाणी भरपूर, पण अंडी घालायला जागा कुठाय? आणि बागेतला हौद दर आठवड्याला कोरडा करायचा, कारण डेंग्यू.

डेंग्यूचं म्हणणं खोटं नाही. आपल्या दुष्काळी भागात पाणी साठवावंच लागतं, आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच तो डास वाढतो. तेव्हा घरातली भांडी, टाक्या, पिंप झाकाच, आठवड्याला रिकामी कराच. त्यात तडजोड नको. पण बागेच्या टोकाला, घरापासून लांब, एक लहानसा हौद वेगळा ठेवायला काय हरकत आहे? त्यात थोडी पाणवनस्पती, काठाला गवत, औषध अजिबात नाही. अळ्यांवर लक्ष ठेवा, वाढल्या तर उपसून टाका.

नवीन जाती सह्याद्रीतच सापडतात असं आपण धरून चालतो. २०२१ साली साताऱ्याकडच्या एका नव्या टाचणीला ठोसेघरचं नाव मिळालं, ते बरोबरच. दिंद्रुडला नवी जात मिळेल असं मी म्हणत नाही. पण आपल्या बागेत कोण राहतं, हे निदान आपल्याला तरी माहीत हवं. जो हौद उद्या बुजवायचाय, तो बुजवण्याआधी एकदा सकाळी काठावर बसून बघा. एवढंच.