सायकलमार्ग आणि रस्त्याचे वाटप

पुण्यातील रस्त्यांवर सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग असावेत की नसावेत, हा वाद गेली जवळजवळ वीस वर्षे चालू आहे. एका बाजूस सायकलप्रेमी व पर्यावरणाचे कैवारी, तर दुसऱ्या बाजूस दुकानदार, मोटारवाले आणि सार्वजनिक पैशाच्या उधळपट्टीने उद्विग्न झालेले करदाते असा हा सामना आहे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. परंतु रस्ता ही सर्वांच्या मालकीची व मर्यादित अशी मालमत्ता असून तिचे वाटप कोणत्या तत्त्वाने व्हावे, या मूळ प्रश्नाला सहसा कोणी हात घालीत नाही.

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, कचेऱ्यांतील कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी या सर्वांचे ते रोजचे वाहन होते. सायकलीचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि ‘डबलसीट’बद्दल होणारा दंड हे मध्यमवर्गीय जीवनाचे नेहमीचे विषय होते. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, मोटार आली. २०१८ साली तर शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. उत्पन्न वाढले, शहर पसरले, अंतरे वाढली. सायकल मागे पडण्याची ही कारणे खरीच आहेत. तथापि तीन-चार किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जाऊ शकणाऱ्या मुलीला आज तिचे आईवडील तसे जाऊ देत नाहीत, ते अंतराच्या धास्तीने नव्हे, तर मागून येणाऱ्या वाहनांच्या भीतीने. ही भीती निराधार नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

सायकलमार्गांवर पुण्यात खर्च झालाच नाही, असे मुळीच नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात, २००६ पासून, सातारा व सोलापूर रस्त्यांवर जलद बसमार्गांबरोबर सायकलमार्गही आखले गेले. २०१७ साली महापालिकेने संपूर्ण शहरासाठी सायकल आराखडाही मंजूर केला. परंतु प्रत्यक्षात हाती काय लागले? कोठे मार्गाच्या मधोमध विजेचा खांब, कोठे टपरी, कोठे ओळीने लावलेल्या दुचाकी; आणि ज्या चौकात संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, नेमका तेथेच मार्ग संपलेला! साहजिकच सायकलस्वार तिकडे फिरकले नाहीत. मग ओस पडलेल्या त्या मार्गांकडे बोट दाखवून विरोधक विचारू लागले, ‘सायकली आहेत कोठे?’

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नातील हेत्वाभास तत्काळ जाणवावा. नदीवर पूल नसताना पोहून पलीकडे जाणाऱ्यांची संख्या मोजून पुलाची गरज ठरवता येत नाही. आणि पूल अर्धाच बांधून त्यावरून कोणी जात नाही म्हणून तो निरुपयोगी ठरविणे हे तर त्याहून अजब. सायकलमार्गांचे मोल त्यांच्या सलगतेत असते. दहा ठिकाणी विखुरलेले दहा तुकडे आणि घरापासून शाळेपर्यंत, कचेरीपर्यंत अखंड जाणारा तेवढ्याच लांबीचा एक मार्ग, यांचा खर्च सारखा असला तरी उपयोग सारखा नाही. स्पेनमधील सेव्हिल या शहरात २००६ नंतरच्या काही वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे, एकमेकांना जोडलेले व वाहनांपासून विलग केलेले मार्ग झाले आणि सायकलफेऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. तेथील उन्हाळा पुण्याहून सौम्य नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

‘पण रस्त्यांवर जागा आहे कोठे?’ हा दुसरा आक्षेप. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे सायकलमार्गास सुमारे दोन मीटर रुंदी पुरते. रस्त्याच्या कडेला उभी असलेली मोटारींची एक रांग नेमकी तेवढीच रुंदी अडवते. एका मोटारीस उभे राहण्यासाठी साधारणतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. एवढ्या खोलीसाठी या शहरात एखाद्या कारकुनाला पगारातील केवढा हिस्सा भाड्यापायी द्यावा लागतो, ते वाचकांस सांगावयास नको. तीच जागा रस्त्यावर, सर्वांच्या मालकीची, बहुतेक ठिकाणी फुकट दिली जाते. जी वस्तू फुकट मिळते तिची मागणी कधीच पुरी होत नाही, हा नियम रस्त्यालाही लागू आहे. २०१८ साली महापालिकेने सशुल्क वाहनतळांचे धोरण संमत केले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! पुढे कित्येक वर्षे ते धोरण कागदावरच राहिले. सायकलमार्गांना मुख्य अडसर आहे तो या फुकटेपणाचा.

दुकानदारांचे भय मात्र समजून घेतले पाहिजे. दारासमोरची मोटार हलली की गिऱ्हाईक तुटेल, असे त्यांना वाटते. परंतु मोटार दिवसभर तेथेच उभी असेल, तर ती पुष्कळदा गिऱ्हाइकाची नसून दुकानाच्या मालकाची किंवा शेजारच्या कचेरीतील नोकराची असते. मालाची चढउतार करण्यास ठरावीक वेळ आणि जवळपास सशुल्क तळ दिला, तर त्यांच्या तक्रारीतील रास्त भागाचे निराकरण होऊ शकेल. त्याचप्रमाणे पेठांतील अरुंद रस्त्यांवर विलग मार्गाचा हट्ट धरणे व्यवहार्य नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेथे वाहनांचा वेग कमी करणे हाच उपाय होय. विलग मार्ग हवेत ते सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता, गणेशखिंड रस्ता यांसारख्या रुंद व वेगवान रस्त्यांवर.

अखेरीस प्रश्न न्यायाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारींची संख्या बरीच वाढली असली, तरी पहाटे दूध-वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावरचा मजूर, पहारेकरी हे आजही सायकलच वापरताना दिसतात. ते सायकलप्रेमी म्हणून मोर्चे काढीत नाहीत, सभांना येत नाहीत. त्यामुळे वादात त्यांचा आवाज उमटत नाही. हौस म्हणून सायकल चालविणाऱ्यास पर्याय असतो. यांना तो नाही.

म्हणून महापालिकेने नवनव्या आराखड्यांची व उद्घाटनांची हौस आवरावी आणि एकच रुंद रस्ता निवडावा. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चौकांसह, अखंड सायकलमार्ग करावा. कडेच्या मोटारी हलवाव्यात. उरलेल्या वाहनतळावर आकारणी करून त्या उत्पन्नातून मार्गाची देखभाल करावी. दोन वर्षे तो नीट राखून मग सायकली मोजाव्यात. त्यानंतरही मार्ग ओस पडला, तर विरोधकांचा आक्षेप मान्य करण्यास हरकत नाही. परंतु आजवर झालेल्या तुकड्यांवरून सायकलीविरुद्ध निकाल देणे म्हणजे परीक्षाच न घेता विद्यार्थ्याला नापास करण्यासारखे आहे.