गल्लीच्या भावापेक्षा महाग घर

कापसाचे पैसे हाती आले किंवा गुरुजींची ग्रॅच्युइटी निघाली, की केळापूर तालुक्यात, विशेषतः पांढरकवड्यात, बांधकामाच्या गोष्टी सुरू होतात. मिस्त्रीला सगळे विचारतात, किती लागतील? उद्या विकायचं झालं तर कोण किती देईल, हे मात्र कुणी विचारत नाही. वास्तुपूजनाआधीच विक्रीची भाषा अपशकुनी वाटते ना!

समजा, लेआउटमधला प्लॉट ९ लाखांचा आहे आणि त्या गल्लीत घरं ३०-३५ लाखांना जातात. तुम्ही बांधकामात ४५ लाख ओतले, म्हणजे एकूण ५४ गेले. गिऱ्हाईक शेजारच्या घराकडे बोट दाखवतं आणि फार तर ४० म्हणतं. जिन्याची काचेची रेलिंग, पीओपीचं छत, दर्शनी भागाची नक्षी त्याच्या हिशेबात नसतेच. ज्याच्या खिशात ५० लाख आहेत, तो स्वतःच्या मनासारखं बांधतो, नाहीतर नागपूरला फ्लॅट घेतो.

तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. जमीन हातची जाऊ नये म्हणून केलेला हा कायदा आहे आणि तो हवाच. पण तिथे घर बांधणाऱ्याने गिऱ्हाईक मोजकंच मिळेल, हे धरून चालावं.

बँकेचंही तेच. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मुभा असते खरी, पण ती किंमत बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो, मिस्त्रीची चिठ्ठी नव्हे.

मग काटकसर कुठे करायची? पायात तर मुळीच नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरवर खोदून उभ्या केलेल्या भिंती दोन-चार पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या फाटतात. कठीण मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फार खोल असेल तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलबद्दल विचारा. हा खर्च गिऱ्हाइकाला दिसत नाही, भेग मात्र दारातूनच दिसते. दर्शनी भागाला लाखभर घालून पायात एक फूट वाचवणारे लोक पाहिले, की माझी चिडचिड होते.

नकाशा काढण्याआधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या भागातल्या खरेदीखतांची सूची-२ बघून घ्या. कागदावरचा आकडा कधी कधी कमी असतो, म्हणून गल्लीत नुकतं घर घेतलेल्या कुणाशी चहा घेता घेता बोला. त्या भावातून प्लॉटची किंमत वजा करा. उरेल त्यात बांधकाम बसवा. चार पैसे वर गेले तर ती आपली हौस समजायची, गुंतवणूक नव्हे.

आणि वरचा मजला? पोरं पुण्याला नोकरीला, येणार दिवाळीला चार दिवस. पायाला आणि कॉलमला मजल्याची ताकद आत्ताच ठेवा. मजला मात्र पोरगं गावात राहणार हे पक्कं झाल्यावर चढवा.