टेस्टिंग तुमचं, बग आमचा?

परवा मित्राच्या काकांची फाईल वाचली. काका हवालदार, २०२२ साली निवृत्त. नोकरीत असताना रक्तदाब जडला. अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं कारण एका ओळीत: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कशावरून? ते कुठेच नाही.

अहो, भरतीच्या वेळी छाती, डोळे, दात सगळं तुम्हीच तपासून घेतलंत ना? टेस्टिंग तुमचं, साइन-ऑफ तुमचा, आणि नंतर बग निघाला की 'आमचा नाही'! आमचा क्लायंट असलं उत्तर ऐकून घेईल?

धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१३ सालीच सांगितलंय: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरायचं, शंकेचा फायदा जवानाला, आणि उलट म्हणायचं असेल तर मेडिकल बोर्डाने कारणं द्यायची. हा जवान घरी आला होता १९९४ मध्ये. मोजा वर्षं.

तरी काकांनी पहिलं अपील करायचं, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिथे जिंकले तरी सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं, तेही आपल्याच करातून. (काका तारखेला एसटीने जाणार.)

दुसरं अपील काल रात्री मीच टाइप केलं. धरमवीर सिंगच्या निकालाची प्रत जोडली आहे.