पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

तुमच्या घरात ऑटिझम असलेलं मूल असेल, तर कुणी ना कुणी तुम्हाला सांगितलंच असेल : गहू बंद करा, दूध बंद करा, मूल बोलायला लागेल. कधी नात्यातल्या बाईनं, कधी मोबाइलवरच्या व्हिडिओनं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. तरी माझं ऐका. उद्या सकाळी पोळी बंद करू नका. आधी एकदा रक्त तपासून घ्या, तेही पोळी चालू असतानाच.

असं का, ते सांगते.

गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. डोळ्यांनी बघायचं असेल तर कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि पाण्यात चोळत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट तुकडा उरतो. ते ग्लुटेन. त्याच्या जोरावर पोळी लाटली जाते. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरीला गरम पाणी लागतं, थापताना कडा फाटतात, आणि पिठाची विरी गेली की भाकरी हातातच तुटते.

काही माणसांना हे ग्लुटेन सोसत नाही. हे साधं अपचन नव्हे. रोगाशी लढायची शरीराची ताकद बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं आतलं अस्तर मखमलीसारखं असतं, ते झिजून सपाट होतं. मूल खातं, पण अंगी लागत नाही. या आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गव्हाबरोबर जव (म्हणजे बार्ली) आणि राय या धान्यांनीही तो बळावतो.

हा आजार जुना आहे, पण दोष धान्याचा आहे हे उशिरा कळलं. नेदरलँड्समधले मुलांचे डॉक्टर विलेम डिके यांना पावाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खंगली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला. तेव्हापासून आजतागायत इलाज एकच आहे : ग्लुटेन पूर्ण बंद, जन्मभर.

आपल्याकडे कुणाला होतो? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात साधारण शंभरात एकाच्या, तर दक्षिणेत हजारात एकाच्या रक्तात या आजाराची खूण आढळली. एक भाग गव्हाचा, दुसरा तांदळाचा. आपला बुलढाणा जिल्हा ज्वारीचा. पण आजीच्या ताटात भाकरी होती आणि नातवाच्या ताटात पोळी, टोस्ट, बिस्किट आणि नूडल्स आहेत. म्हणून ‘हा आपल्याकडचा आजार नाही’ म्हणत बसू नका.

आता ऑटिझमचं. गव्हामुळे ऑटिझम होत नाही. गहू सोडल्यानं ऑटिझम जातो, असा भरवशाचा पुरावाही नाही. पण ऑटिझम असलेल्या मुलाला सिलिअ‍ॅक असेल, तर तो लक्षात येत नाही. कारण ‘पोट दुखतं’ हे दोन शब्द ते मूल सांगू शकत नाही. ते पोटाला उशी दाबून पालथं झोपतं. जेवल्यावर डोकं आपटतं. रात्री दोन वाजता उठून किंचाळतं. आणि आपण म्हणतो, त्याचं तसंच आहे, ऑटिझम आहे ना. डॉक्टरही घाईत असले की तेच म्हणतात.

म्हणून आठ दिवस एक वही ठेवा. शी कशी झाली, किती वेळा झाली, पोट फुगलं का, केव्हा रडलं, त्याआधी काय खाल्लं होतं. सारखे जुलाब, किंवा उलट हट्टी बद्धकोष्ठ. वजन आणि उंची न वाढणं. तोंड वारंवार येणं. लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. यांतलं काही दिसलं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मुलाला लहानपणचा मधुमेह, थायरॉईड किंवा डाउन सिंड्रोम असेल, किंवा घरात कुणाला सिलिअ‍ॅक असेल, तर लक्षणं दिसण्याची वाटही बघू नका.

कागदावर दोन नावं लिहून न्या : ‘टीटीजी आयजीए’ आणि ‘टोटल आयजीए’. पहिली मुख्य तपासणी. दुसरी का? काही मुलांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं. मग पहिली तपासणी खोटीच ‘नॉर्मल’ येते. दोन्ही मिळून चित्र कळतं.

मूल गहू खात नसेल तर हीच तपासणी फसते. ग्लुटेन थांबलं की रक्तातली खूण हळूहळू पुसली जाते. आजार असतो, पण कागदावर दिसत नाही. तुम्ही पोळी आधीच बंद केली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. ते बहुधा निदान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू द्यायला सांगतील आणि मग रक्त घेतील. मुलाला फार त्रास होत असेल तर हे मनानं करू नका, त्यांच्या देखरेखीखाली करा.

दीडशे-दोनशे पदार्थांची ‘अ‍ॅलर्जी’ एका झटक्यात सांगणाऱ्या महागड्या तपासण्या आहेत. केस तपासून आहार ठरवून देणारेही आहेत. त्यांतून सिलिअ‍ॅक कळत नाही. ते पैसे ज्वारीला ठेवा.

केसांवरून आठवलं. २०२४ संपता संपता आणि २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस भराभर गळाले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हापासून गव्हाचं नाव काढलं की आपल्याकडे भीती वाटते. पण ही गोष्ट वेगळी, ती वेगळी. तो संशय विशिष्ट ठिकाणाहून आलेल्या गव्हावर होता. ग्लुटेन प्रत्येक गव्हात असतं. शेतातल्या घरच्या गव्हात, बन्सीत, खपलीतसुद्धा. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाला ‘आमचा गहू गावरान आहे’ म्हणून पोळी देऊ नका.

सुई टोचायचा दिवस सोपा नसतो. आधी दोन-तीन दिवस घरीच खेळ करा : बाही वर, हाताला पट्टा, एक-दोन-तीन, संपलं. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, म्हणजे गर्दी आणि गोंगाट नसतो. त्वचा बधिर करणारं मलम मिळतं, ते डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावा. आवडती वस्तू बरोबर घ्या. आणि एकाच टोचण्यात हिमोग्लोबिन, लोह, थायरॉईड, ड जीवनसत्त्व हेही होऊ शकेल का, ते विचारा. दुसऱ्यांदा टोचायची पाळी शक्यतो आणू नका. हे मूल ते विसरणार नाही.

रक्तात दोष दिसला तर बहुधा दुर्बिणीची तपासणी सांगतात. तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचे कणाएवढे तुकडे घेतात. मुलांना झोपेचं औषध देऊन करतात. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागेल. बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, आधी तिथे चौकशी करा. नाहीतर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. रक्तातला आकडा फारच चढा असेल तर काही मुलांत दुर्बीण टाळताही येते. तो निर्णय पोटाच्या डॉक्टरांचा. तोवर पोळी चालूच ठेवा.

खर्चाचंही बघा. ऑटिझम असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. त्यात बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्यांनाही काही मर्यादेत पैसे मिळतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. ‘लाज वाटते’ म्हणून थांबलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. लाजेनं बिल भरलं जात नाही. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही ती वही दाखवा.

समजा, निदान झालं. आता स्वयंपाकघर.

पहिल्यांदा धीर धरा. आपल्या वऱ्हाडचं अर्धं जेवण या मुलाला चालतंच. ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, बाजरी, मका, तांदूळ, कण्या, पिठलं, भरीत, फुणके, पाटवड्या, सगळ्या डाळी, दूध-दही, अंडी, फळं. एकादशीचं ताट तर या मुलाच्या हक्काचं : साबुदाणा, भगर, राजगिरा, दाणे. बंद काय, तर पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, बिस्किट, रोडगे, पानगे, बिट्ट्या, वरणफळं. कुरडईसुद्धा. चीक काढला, चोथा टाकला, तरी ग्लुटेन पुरतं जात नाही.

न दिसणारा गहू वेगळाच. बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. हिंगाची डबी वाचा, नाहीतर हिंगाशिवाय फोडणी द्या, वरण काही बिघडत नाही. दुधात घालायच्या ‘ताकदी’च्या पावडरींत माल्ट असतं, म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू असतो. तयार सूप, बाजारचे मसाले, दुकानातली कुरकुरीत भजी, सगळं संशयात धरा. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे चिमूटभर पिठीसुद्धा या मुलाला जास्तच.

आणि इथेच गिरणी आडवी येते.

तुम्ही ज्वारी घेतली, निवडली, डबा भरून गिरणीत नेला. तुमच्या आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण झालं. त्याचं पीठ दगडांत, नळीत, कापडी पिशवीत अडकलेलं असतं. तुमच्या ज्वारीबरोबर ते खाली येतं. आई म्हणते, सहा महिने पोळी दिली नाही, तरी पोराचं पोट तसंच. दोष आईचा नसतो, दळणाचा असतो. सकाळी पहिलं दळण टाकून भागत नाही, कालचा गहू आत असतोच. सगळ्यांत बरं म्हणजे घरघंटी, जिच्यात गहू कधीच पडणार नाही. गावात अशी दोन-तीन मुलं असतील तर मिळून एक घ्या. तेही जमत नसेल तर माळ्यावरचं जातं काढा, घासून स्वच्छ धुवा, वाळवा. थोड्या पिठाला मिक्सर पुरतो. ज्वारी आणली की ताटात पसरून गव्हाचे दाणे वेचा, धुऊन वाळवा, मगच दळा. मळणी यंत्रातून, पोत्यातून चार दाणे येतातच.

घरात चाळणी वेगळी ठेवा. चाळणीच्या जाळीतलं पीठ निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं. स्टीलची परात आणि ताटं नीट घासली की चालतात. तवा एकच असेल तर भाकरी आधी, पोळी नंतर. खरं सांगायचं तर घरात सगळ्यांनीच भाकरीवर यावं. ज्वारी आता महाग आहे, कबूल. पण दोन स्वयंपाकांत बाईचं कंबरडं मोडतं, आणि थकलेल्या हातून चूक होते.

आता सर्वांत अवघड. हे मूल फक्त गोल बिस्किट आणि पोळीच खातं, भाकरी समोर आली की ताट भिरकावतं. जबरदस्ती करू नका. निदान पक्कं झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच ताट, तीच जागा, तोच आकार. ज्वारीच्या पिठाची पातळ भाकरी वाटीनं बिस्किटाएवढी गोल कापा, कडक भाजा. रंग आणि कुरकुर जुळली तर निम्मं काम झालं. आठ वेळा नाकारेल, नवव्यांदा वास घेईल, त्याला यशच म्हणा. वजन घटायला लागलं तर मात्र वाट बघू नका, आहारतज्ज्ञांना गाठा.

बाहेरच्यांना स्पष्ट सांगा. शाळेतली भाताची खिचडी बहुधा चालेल, पण हिंग आणि मसाला कुठला ते स्वयंपाकीणबाईंना विचारा. वर्गात वाटलेलं बिस्किट कुणी प्रेमानं हातात ठेवेल, म्हणून बाईंकडे या मुलाचा खाऊचा डबा देऊन ठेवा. शेगावला जाल तेव्हा कचोरी त्याच्यासमोर खाऊ नका. होळीला पुरण वाटीत द्या, वर तूप. भंडाऱ्यात ‘देवाचा प्रसाद आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना हात जोडा आणि ताट बाजूला करा. एका घासानं मूल लगेच आडवं पडेलच असं नाही. आत झीज मात्र होते.

आजार खरा असेल आणि पथ्य नीट पाळलं, तर पोट काही आठवड्यांत शांत व्हायला लागतं. वजन, रक्त, उंची सावकाश येतात. झोप सुधारली, दुखणं थांबलं, म्हणून मूल कमी चिडेल, शिकवलेलं जरा जास्त ऐकेल. ऑटिझम तिथेच राहील. बोलणं शिकवायचं ते थेरपीनंच. रक्ताची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करा. आकडा उतरत नसेल तर कुठून तरी गहू येतोय. पुन्हा गिरणीपासून शोधायला लागा. आणि तपासणीत सिलिअ‍ॅक नाहीच निघाला, तर मुलाला पोळी सुखानं खाऊ द्या. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या मुलाचं आणखी एक अन्न उगाच काढून घेऊ नका.

शेवटचं. मुलाला सिलिअ‍ॅक निघाला तर भावंडांचं आणि आईवडिलांचंही रक्त तपासा. जवळच्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना तो निघतो. आईचं आधी तपासा. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही जिचं रक्त वाढलं नाही, तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं.