थकलेला कामगार आणि दुय्यम कापड

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. त्यानंतर पुष्कळ बदलले. परंतु साध्या मागांच्या अनेक कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि विणलेल्या कापडावर मोजलेली मजुरी अद्याप कायम आहे. माल खराब निघाला की ‘कामगारांची बेफिकिरी’ हे कारण मालकवर्गाच्या जिभेवर तयारच असते. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

कान बधिर करणाऱ्या खडखडाटात, कापसाची धूळ छातीत घेत एका माणसाने एकाच वेळी अनेक माग सांभाळावयाचे. उभा धागा तुटला तरी साधा माग आपणहून थांबेलच असे नाही. नजर चुकली की तेवढे कापड सदोष विणले जाते. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास ती चुकणारच! मग तागा दुय्यम ठरतो, मजुरीतून कपात होते आणि ती भरून काढण्यासाठी तोच कामगार दुसऱ्या रात्री अधिक घाई करतो. म्हणजे ज्या दंडाने दोष कमी व्हावयाचे, त्यानेच ते वाढतात. पुढे कंटाळून तो कारखाना सोडतो, आणि नवा हात मिळेपर्यंत माग बंद राहतात.

सुताचा भाव रोज पाहणाऱ्या कारखानदाराच्या वहीत या तोट्याला रकाना नाही. नव्या, धोटाविरहित मागांसाठी कर्ज काढण्यापूर्वी त्याने आठ तासांच्या तीन पाळ्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावयास हरकत नसावी.